पाठमोरे शिरणारे काका

लिफ्ट आली की आपण सगळे आत शिरतो आणि मग वळतो. काका आधी वळायचे आणि मग शिरायचे. दुबईत अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते राहायला आले त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. साठीकडे झुकलेला, पोट सुटलेला, मिशीवाला एक गृहस्थ माझ्याकडे तोंड करून, मागचं काही न बघता, पाऊल पाऊल लिफ्टमध्ये सरकत होता. आत उभ्या असलेल्या एका बाईंच्या भाजीच्या पिशवीवर त्यांची टाच पडली. "सॉरी हं," ते म्हणाले, पण वळले नाहीत. माणूस जरा सटकलेला आहे, असं माझं मत झालं. पुढे ते आमच्याच कंपनीत रुजू झाले, त्यांच्याच गाडीतून मी शारजापलीकडच्या हमरिया फ्री झोनला, ऑफिसला जाऊ-येऊ लागले, तेव्हा हे मत बदललं. जरा नव्हे, चांगलेच सटकलेले होते.

त्यांना नाव होतं, हुद्दाही मोठा होता, पण ऑफिसात मराठी लोक त्यांना 'काका' म्हणत आणि बाकीचे 'अंकल'. आमची कंपनी खोटे खडक बनवते. लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर सिमेंटचा गिलावा, मग रंग. मॉलमधले धबधबे, हॉटेलातल्या गुहा, सगळं आमच्याकडून जातं. काका तिथे कामांवर देखरेख करायचे आणि मी ड्रॉइंग काढायचे. गाडीत आम्ही दोघंच, आणि शारजाची ट्रॅफिक. त्या ट्रॅफिकमध्ये माणसाचं सगळं आयुष्य ऐकून होतं.

एकदा धीर करून मी विचारलंच. "काका, तुम्ही असे उलटे का शिरता?"

"तोंड दाराकडं असावं गं," ते म्हणाले. "सुळे बाहेर, ढुंगण आत. वॉर्टहॉग बिळात असाच शिरतो. पाठीवर सिंह आला तरी त्याची गाठ आधी सुळ्यांशी पडते."

"लिफ्टमध्ये कुठला सिंह?"

"आपल्या ऑफिसात तो कितव्या मजल्यावर बसतो ते मी तुला सांगायला पाहिजे का?"

वॉर्टहॉग म्हणजे आफ्रिकेतलं रानडुक्कर. फावड्यासारखं लांबट तोंड, गालांवर चामखिळींसारखे मोठे गोळे, वर वळलेले सुळे, पाठीवर उभे राठ केस. फोटोत बघितलं तर देवानं घाईत उरकलेलं काम वाटतं. काकांना मात्र त्याच्याइतका देखणा आणि शहाणा प्राणी दुसरा दिसत नव्हता. तरुणपणी ते युगांडात रस्त्याच्या कामावर होते. जंगलाच्या कडेला कॅम्प, संध्याकाळी डासांशिवाय कुणी सोबतीला नाही. रस्त्याखालच्या मोरीसाठी आणलेला एक जाड पाइप उरला होता आणि अर्धा मातीत रुतला होता. त्यात एक वॉर्टहॉगीण येऊन राहिली. काका कंटेनरच्या पायरीवर बसून तिला बघत राहिले, वर्षानुवर्षं. लोक गुरू करतात, काकांनी ती केली.

त्यामुळे त्यांच्या प्रत्येक विचित्र सवयीला त्या बाईचा आधार असायचा. वॉर्टहॉग चरताना पुढचे पाय दुमडून गुडघ्यांवर येतो आणि तसाच पुढे सरकत आखूड गवत खातो. जन्मत:च त्याच्या गुडघ्यांना घट्टे असतात म्हणे. काकाही ड्रॉइंग टेबलावर कधी बघायचे नाहीत. कार्पेटवर पसरायचे, गुडघे टेकायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत सरकायचे. एकदा मोठी पार्टी आली होती, सुटाबुटातली. केबिनचं दार उघडलं तर समोर आमच्या सीनिअर मॅनेजरांचा पार्श्वभाग. पाहुणे बिचारे, नमाज चाललाय समजून दबक्या पावलांनी मागे फिरले.

साइटवर ते काळी छत्री घेऊन फिरायचे, पण उघडायचे नाहीत. मिटलेली छत्री हातात सरळ वर धरायची आणि तरातरा चालायचं. उन्हात जळाले तरी चालेल. मी म्हटलं, "काका, उघडा तरी." तर म्हणाले, "ही डोक्यासाठी नाही, मागच्यांसाठी आहे. वॉर्टहॉगीण पळताना शेपूट झेंड्यासारखी उभी करते. उंच गवतात पिल्लांना आई दिसत नाही, शेपूट दिसते." आणि खरंच, धुळीत, क्रेनच्या गोंधळात आमची सगळी माणसं ती छत्री शोधत त्यांच्या मागे जायची. कुणी चुकलं नाही कधी. हसायचो सगळे, पण जायचो छत्रीच्याच मागे.

दाढीला जायचे तर "मुंगसाकडं जाऊन येतो" म्हणायचे. युगांडात मुंगसांची टोळी आली की ती वॉर्टहॉगीण आडवी व्हायची, डोळे मिटायची आणि मुंगसं तिच्या अंगावरच्या गोचड्या वेचून खायची. "इतका मोठा सुळेवाला प्राणी, पण कुणासमोर आडवं व्हायचं ते त्याला कळतं," हे काकांचं लाडकं वाक्य. आमच्या गल्लीतल्या केरळी न्हाव्याला आपलं हे नाव माहीत नव्हतं हे बरं.

माझ्याशी त्यांचं एकदाच खरं वाजलं. आमच्या ऑफिसातला एक मुलगा इंटरनॅशनल सिटीत कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये फुकट राहत होता. मी सहज म्हणून गेले, "आयत्या बिळावर नागोबा." काकांनी गाडी बाजूला घेतली, रिव्हर्समध्ये, अर्थातच.

"वॉर्टहॉग स्वत: बीळ खणत नाही," ते म्हणाले. "वाळवी खाणारा एक प्राणी असतो, तो खणतो नि सोडून जातो. हा त्यात राहतो. पण नागोबा नुसता वेटोळं घालून बसतो. हा आतली माती काढतो, गवत नेतो, पावसात पडझड झाली की नीट करतो. या देशात आपण सगळे दुसऱ्याच्याच बिळात राहतोय, पोरी. युगांडा धरून मी चाळीस वर्षं राहतोय. नीट ठेवलं की झालं."

त्या माणसानं आयुष्यभर लोकांसाठी रस्ते, पूल, गुहा बांधल्या, पण गावी गडहिंग्लजला स्वत:चं घर काही बांधलं नव्हतं. जमीन होती, प्लॅन होता, काकूंचा तगादा होता. "बघू," म्हणायचे.

आणि मग एका सफारी पार्कचं काम आलं. शारजाच्या आतल्या बाजूला, वाळवंटात. सिंहांचा कडा, माकडांचं बेट आणि कोपऱ्यात वॉर्टहॉगचं घर. सगळ्यांना सिंहाचा कडा हवा होता, कारण फोटो त्याचे निघतात. काकांनी मीटिंगमध्ये हात वर केला आणि वॉर्टहॉगचं मागून घेतलं. जनरल मॅनेजरला वाटलं, म्हातारा रिटायरमेंटच्या आधी सोपं काम बघतोय. ते त्यांचं शेवटचं काम होतं हे खरं. पण मी त्यांना मीटिंगमधून बाहेर पडताना पाहिलं. वॉर्टहॉग सकाळी बिळातून चालत बाहेर येत नाही, तोंडाशी बिबट्या टपलेला असला तर म्हणून सुसाट सुटतो. काकाही कॉन्फरन्स रूममधून कायम तसेच सुटायचे. त्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन येणारा ऑफिसबॉय भिंतीला चिकटला म्हणून वाचला.

त्यांनी ते बीळ असं बांधलं की मी ड्रॉइंग काढून थकले. तोंड अरुंद हवं, उतार आत जाऊन पुन्हा चढणारा हवा, शेवटी एक उंचवटा, पिल्लांना कोरडं राहायला. रुंदी विचारली तर डोळे मिटून हातांनी दाखवायचे. मिस्त्री होते हमीदभाई, रत्नागिरीकडचे, पाच वेळा नमाज पढणारे, गिलाव्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मी हळूच विचारलं होतं, "हमीदभाई, डुकराचं घर आहे, चालेल ना?" ते म्हणाले, "घर बांधायला काय हरकत, मॅडम? मला थोडंच त्यात राहायचंय." बीळ तयार झालं. वरून माती, दगड, वाळलेलं गवत. खरं सांगते, आमच्या कंपनीनं बनवलेली एवढी खरी वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

पार्कनं त्यात एक वॉर्टहॉगीण सोडली. पोटुशी, दिवस भरत आलेले. आणि माशी शिंकली ती तिथे.

ती बिळाशी यायची, हुंगायची, गर्रकन वळायची आणि मागचं अंग आत घालायची. निम्मी आत गेली की थांबायची. मग काय व्हायचं कुणास ठाऊक, शेपूट उभी करून बाहेर सुसाट. पुन्हा तेच. दिवसभर तेच. रात्री कुंपणाला अंग घासत उघड्यावर पडून राहायची, आणि थंडीचे दिवस होते, म्हणजे इथली थंडी, पण पिल्लांना तेवढीही पुरते. जंगलात या दिवसांत ती कळपातून बाजूला होते आणि एकटी बिळात जाते. पिल्लं उघड्यावर झाली तर ती जगत नाहीत.

पार्कची डॉक्टर दक्षिण आफ्रिकेची होती, उंच, कमी बोलणारी. तिनं सांगितलं, गुरुवारी संध्याकाळपर्यंत ही आत गेली नाही तर भुलीचं इंजेक्शन देऊन मागच्या जुन्या सिमेंटच्या खोलीत न्यावी लागेल. मागच्या खेपेला याच मादीची वीण त्याच खोलीत झाली होती आणि एकही पिल्लू राहिलं नव्हतं. हे सांगताना ती कुंपणाकडे बघत होती.

परतीच्या ट्रॅफिकमध्ये काकांनी नाही, मीच वॉर्टहॉगचा विषय काढला, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी मादीला बाजूच्या वाड्यात घेतलं आणि काका बिळासमोर गुडघ्यांवर बसले. आत जाऊन बघायला हवं होतं. हमीदभाई अवघडून उभे होते. "साहेब, आता जनावर आत जाऊन आलंय. तुम्ही बाहेरचं काहीही सांगा, मी रात्रंदिवस करतो. पण आत मला..."

"तुम्ही जायचंच नाही आत," काका म्हणाले. "तुम्ही बाहेरनं बघा नि मला सांगा. मी जातो."

आणि ते गेले. पाठमोरे. इस्त्रीचा शर्ट, कोपरं मातीत, आधी पाय, मग ते पोट. पोटाशी घोडं अडलं. पार्कचा अमिराती मॅनेजर पायघोळ शुभ्र कंदुऱ्यात तेवढ्यात येऊन ठेपला. त्यानं पाहिलं, की एका बिळातून एक मिशीवाला लालबुंद चेहरा बाहेर बघतोय. "हबीबी," तो मला म्हणाला, "हे तुमचे इंजिनिअर?" मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार. श्वास सोडून काका आत सरकले आणि दिसेनासे झाले.

म्हणजे दिसेनासे व्हायला हवे होते. हमीदभाई वाकले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं डोकं काळंभोर दिसतंय. मागनं सगळा उजेड."

आतून ते मागची भिंत चाचपत असल्याचा आवाज आला. मग काकांचा आवाज, एकदम वेगळा. "हमीदभाई, एसी चालू हाय काय?"

"हो साहेब. सेंट्रल आहे, तो कायम चालूच असतो."

"माझ्या पाठीला गार वारा लागतोय."

मी कपाळावर हात मारला. मागच्या भिंतीत एसीची जाळी होती आणि शेजारी डॉक्टरला बघायला काचेची खिडकी. इथे बसस्टॉपला एसी असतो, नमाजाच्या खोलीला असतो, हमरियाच्या वॉचमनच्या टपरीला असतो. ड्रॉइंगवर चारचौघांच्या सह्या होत्या आणि बीळ आहे तर त्याला एसी कशाला, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यात काकांचीही सही होती. जो प्राणी पाठ आत घालून तोंडानं राखण करतो, त्याला पाठीमागे फक्त अंधार हवा असतो. आम्ही त्याच्या पाठीमागे उजेड आणि वारा ठेवला होता. तिच्या लेखी ते बीळ मागून उघडं होतं, म्हणजे मागूनही कुणी येऊ शकत होतं.

काका बाहेर आले, मातीनं माखलेले. "उंची आठवली, उतार आठवला, सगळं आठवलं," ते म्हणाले. "आणि मागं काय असतं तेच विसरलो. एसीत बसून बसून विसरलो." मला त्यांचं इतकं वाईट वाटलं, की मी त्यांच्या पाठीवरची माती झटकायला लागले, जसं काही त्यानं भागणार होतं.

वॉर्टहॉग सहसा भांडत नाही, पळून जातो, आणि काकाही ऑफिसात भांडण आलं की छत्री उचलून चालू पडायचे. पण पिल्लं असली की वॉर्टहॉगीण पळत नाही, वळते आणि चाल करून येते. मॅनेजर म्हणाला, एसी काढता येणार नाही, या देशात जनावराला एसी नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील. काका वळले. "सर, वर एवढी माती आहे. दुपारी आत गार, रात्री ऊबदार. तुमचे आजोबा उन्हाळ्यात जाड भिंतीच्या घरात राहिले की नाही? हात घाला आत. आधी एसी बंद करा, मग दुपारी हात घाला." मॅनेजरनं एसी बंद करवला आणि दुपारी खरंच कंदुरा सावरून गुडघे टेकले आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. बराच वेळ तसाच राहिला. मग उठून म्हणाला, "खलास. कायमचा बंद करून टाका."

उरलेलं काम म्हणजे एक तमाशा होता. मागच्या बाजूनं, सर्व्हिसच्या बोळातून, हमीदभाईंनी जाळी आणि खिडकी विटांनी बुजवली. आतून गिलावा मारायला काका. उलटे शिरून आत वळायला जागा नाही, म्हणून पाय पोटाशी ओढून, खांद्यावरून हात मागे नेऊन थापी चालवायची. हमीदभाई बिळाच्या तोंडाशी बॅटरी धरून पालथे पडलेले.

"साहेब, डावीकडं पोकळ राहिलंय."

"दिसत नाही हो मला."

"हातानं बघा. हळू. साहेब, गिलावा आहे तो, पुरणपोळी नाही. दाबा."

चाळीस वर्षं दुसऱ्यांना कामं सांगणारा माणूस, आज मिस्त्रीच्या अदबशीर शिव्या खात आपला पहिला गिलावा मारत होता. बाहेर आला तेव्हा केसात सिमेंट, मिशीत सिमेंट, आणि चेहरा असा खुललेला की लग्नाच्या फोटोतही नसेल.

गुरुवारी मादीला परत सोडलं. गिलावा वाळला होता, बिळाच्या तोंडाशी वाळलेलं गवत ठेवलं होतं. कुंपणापलीकडे ट्रक उभा, त्यात लोखंडी पिंजरा. आम्ही हिरव्या नेटच्या आडोशाला: काका, हमीदभाई, डॉक्टरबाई, मी. मादीनं बिळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गुडघ्यांवर आली आणि चरायला लागली. दुपार गेली. डॉक्टरनं घड्याळ पाहिलं, ड्रायव्हरला काहीतरी खूण केली. काका हलले नाहीत.

ऊन पिवळं झालं तसं तिनं डोकं वर केलं. गवताजवळ आली, तोंडात भरपूर गवत धरलं. बिळाशी गेली. हुंगलं. गर्रकन वळली. मागचे पाय आत, पोट आत, निम्मी आत. थांबली.

इथूनच ती पळायची. काकांनी माझं मनगट धरलं होतं, रग लागेल इतकं.

ती अजून थोडी मागे सरकली. मग अजून थोडी. शेवटी गवताचा पुंजका आणि सुळे तेवढे दिसत होते, मग तेही नाही. डॉक्टरबाई उठली, ट्रककडे गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "यल्ला, जा आता." हमीदभाईंनी काकांचा हात हातात घेतला आणि दोघं म्हातारे कितीतरी वेळ एकमेकांचे हात हलवत राहिले, टेंडर मिळाल्यासारखे.

तरी खरं काय ते कळायचं होतंच. पुढचे दिवस ती एकटीच बाहेर यायची, चरायची, परत शिरायची. आत काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं, कारण बघायची खिडकी आम्हीच बुजवली होती. काका डॉक्टरला रोज फोन करायचे. एकदा आमच्यासोबत आलेल्या माझ्या लहान मुलीनं गाडीत विचारलं, "अंकल, आर द बेबीज ओके?" तर पहिल्यांदाच वॉर्टहॉगचा दाखला न देता "इन्शाल्ला," एवढंच म्हणाले. त्यांचं परतीचं तिकीट झालं होतं. मला धास्ती होती ती ही, की हा माणूस न कळताच विमानात बसेल.

जायच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी डॉक्टरचा फोन आला, फक्त "या" म्हणून. आम्ही तिघं गेलो. ऊन नुकतंच वर येत होतं. बिळातून मादी तोफेच्या गोळ्यासारखी सुटली, आम्ही सगळे दचकून मागे झालो, ती वाड्याच्या मध्यापर्यंत जाऊन थांबली, वळली आणि बिळाकडे बघत उभी राहिली.

बिळाच्या तोंडाशी एक छोटं नाक आलं. मग सबंध पिल्लू. मग दुसरं. मग तिसरं. तिघांच्या शेपट्या बोरूसारख्या उभ्या.

"वॉर्टहॉगला आचळं चारच असतात," काका कुजबुजले. "प्रत्येक पिल्लाचं आपलं ठरलेलं." त्यांनी बोटांवर तीन मोजली आणि चौथं बोट धरून ठेवलं. मादी हलत नव्हती. आम्हीही हलत नव्हतो.

मग धडपडत, उतारावर एकदा तोंडावर पडून, चौथं बाहेर आलं आणि उठून आईच्या मागे सुटलं. आई पळाली, शेपूट वर. चौघं तिच्यामागे एका ओळीत, शेपट्या वर.

"माशाल्ला," हमीदभाईंच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्यांनाही त्यानंच बनवलंय ना."

काकांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी हमीदभाईंच्या खांद्यावर हात टाकला.

"हमीदभाई," ते म्हणाले, "घरभरणी झाली."